निगेटिव्हवरची पेन्सिल

माझी नात श्रेया कॉलेजात शिकते. सुट्टीत घरी आली की दिवसभर फोन हातात. मागच्या महिन्यात तिनं मला ओसरीवर खुर्चीत बसवलं, फोटो काढला आणि काचेवर नुसतं बोट ओढलं. माझ्या तोंडावरचे देवीचे वण गेले. नाक सरळ झालं, गालावर लाली आली, डोळे पाणीदार झाले. "बघ आज्जी, किती भारी दिसतीस. फिल्टर लावलाय. स्टेटसला टाकू?" मी म्हणाले, "टाकायचा असंल तर वण परत आण. न्हाईतर ही कुणाची म्हातारी हाय ते खाली लिही." ती हसून लोळली. तिला वाटलं, म्हातारीला यातलं काय कळतं. मला यातलं सगळं कळतं. हेच काम मी चार वर्षं पेन्सिलीनं केलेलं आहे, आणि त्याच पेन्सिलीनं एका बाईला भर बाजारात मान खाली घालायला लावलेली आहे. ती बाई आता जिवंत नाही. असती तरी मी हे असंच लिहिलं असतं.

घाटनांदूरला आमची फुटाण्याची भट्टी होती. घर म्हणजे पुढं भट्टी आणि मागं दोन खोल्या. अण्णा आंघोळ करून गळ्यातल्या लिंगाची पूजा करायचे, कपाळाला भस्म लावायचे आणि मगच भट्टीत तुराट्या घालायचे. कढईतली वाळू तापली की भिजवून सुकवलेले हरभरे आत पडत. आधी एखादाच फुटायचा, मग चार, मग पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज घरभर व्हायचा. त्या आवाजात बोलायचं म्हणजे ओरडावं लागे, म्हणून आमच्या घरातली सगळी माणसं मोठ्यानं बोलणारी. अण्णा झाऱ्यानं वाळूसकट हरभरे काढून चाळणीत टाकत आणि चाळणीवर मी बसत असे. चौथीनंतर शाळा सुटली ती या चाळणीसाठीच. धाकटी रत्ना मुरमुऱ्यांच्या पोत्याजवळ बसायची, कारण तिकडं धूर कमी होता. दुपारी भाकरी आणि भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या येसराची आमटी. संध्याकाळी सुशीला, म्हणजे मुरमुरे भिजवून, पिळून, मिरची-कांद्याच्या फोडणीत परतलेले, वर डाळव्याचं कूट. पोहे आमच्याकडं कधी झाले नाहीत. घरचे मुरमुरे असताना पोहे कोण आणतंय?

देवी आल्या तेव्हा मी पाच वर्षांची होते. जीव वाचला, तोंड गेलं. माय मला चांगलं म्हणण्याच्या भानगडीत कधी पडली नाही. "हात चांगले हायेत तुजे," एवढंच म्हणायची. ते खरं होतं. हाताला थरथर नव्हती आणि चाळणीतला खडा मला बोटांनीच कळायचा.

माझ्या लग्नाचं मामा बघत होता. त्यानंच अण्णांना सांगितलं की आता लोक आधी फोटो मागतात. स्टेशनच्या रस्त्याला रहीमचाचांचा फोटो स्टुडिओ होता. आत तळ्याचं आणि पायऱ्यांचं चित्र काढलेला पडदा, एक स्टूल, प्लॅस्टिकची फुलं, फणी आणि पावडरचा डबा. चाचीनं माझे केस विंचरले, चाचांनी "हनुवटी खाली, बेटा" म्हणून दोन फोटो काढले. मग अण्णा मला म्हणाले, "जा, गाडी आलीय, बघून ये." मी बाहेर आले. दारातून मागं बघितलं तर अण्णा चाचांपुढं हात जोडून उभे होते. मला वाटलं, फोटो लवकर द्या म्हणत असतील.

फोटो आला तेव्हा मायनं हात पुसून तो घेतला आणि विचारलं, "ही कोन?" फोटोत तुपासारख्या तोंडाची एक मुलगी होती. माझी साडी नेसलेली, माझे कानातले घातलेली. रत्ना म्हणाली, "ताई, ही तर माज्यावानी दिसती." अण्णा भट्टीवरून ओरडले, "नंदाच हाय ती! नीट बगा की!" मामानं एक फोटो आष्टीच्या एका स्थळाला पाठवला, एक घरी राहिला.

महिनाभरानं आष्टीचे पाहुणे आले. मुलगा, त्याचा बाप, दोन नातलग आणि मुलाची आई. तिचं नाव मी लिहीत नाही. तिच्या नातवंडांचा काही दोष नाही. मी सुशीलाच्या बशा दिल्या, पाण्याचा तांब्या ठेवला आणि पाटावर बसले. मग ती बाई म्हणाली, "इकडं ये गं, उजेडाला." मी सरकले. तिनं पदराचं टोक तांब्यात बुडवलं आणि माझा गाल घासला. खरकटी परात घासतात तसा. मग पदर उजेडाला धरून बघितला.

"पावडर न्हाई," ती पुरुषांकडं वळून म्हणाली. "खड्डेच हायेत."

तिनं पिशवीतून फोटो काढला, माझ्या कानाजवळ धरला आणि दुसऱ्या हातानं माझी हनुवटी धरून प्रत्येकाकडं फिरवली. "ह्ये बगा आन् ह्ये बगा. कावून फसवलं ओ आमाला, फुटाणेवाले?" मुलगा नाकातून हसला. त्याच्या तोंडात घास होता आणि हसताना एक मुरमुरा त्याच्या शर्टावर पडला. हे मला अजून दिसतं. अण्णांची मान जी खाली गेली ती वर आलीच नाही. बाई म्हणाली, "बरं, धाकटी हाय म्हनं तुमाला. ती दाखवा की. आलोच हावोत तर."

आतून माय बोलली. पाहुण्यांसमोर ती कधी बोललेली नव्हती. "धाकटी न्हाई दाखवायची. खाल्लं का? मग उठा."

ते उठले, पण बशा रिकाम्या करूनच. घरात राहिलेला दुसरा फोटो कोनाड्यात होता. जाताना बाईनं तोही उचलला. "हे दोनी माज्यापाशी ऱ्हाऊ द्या. लोकांना कळू द्या कसं फसवत्यात."

आणि तिनं लोकांना कळू दिलं. आता श्रेया एका बोटानं शंभर जणांना फोटो धाडते. त्या बाईकडं फोन नव्हता, पण पिशवी होती आणि समाजातलं एकही लग्न ती चुकवत नव्हती. मामा येऊन सांगायचा. उमापूरच्या लग्नात पंगत बसलेली असताना माझा फोटो हातोहात फिरला. बायका जिलेबीच्या हातानं धरून बघत होत्या आणि बाई शेजारी उभी राहून सांगत होती, "अन् खरं तोंड कसं, तर चाळणीवानी." तीन वर्षं मला बघायला कुणी आलं नाही. मोठी बसलेली म्हणून रत्नालाही कुणी विचारेना. अण्णांनी लग्नाकार्याला जाणं सोडलं. घरात हरभरे फुटायचे, पण माणसं मोठ्यानं बोलायची बंद झाली.

एक दिवस चाळणी टाकून मी स्टुडिओत गेले. चाचा खिडकीजवळ बसले होते. "कावून केलं असं माजं?" मी विचारलं. चाचांनी चष्मा काढला. "बैठ, बेटा." त्यांच्यापुढं लाकडाची तिरकी चौकट होती, मध्ये काच, खाली आरसा. खिडकीतला उजेड आरशावरून काचेतून वर येत होता. चाचांनी एका डब्यातून माझी निगेटिव्ह काढली आणि काचेवर ठेवली. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. केस पांढरे, तोंड काळं. माझ्या काळ्या तोंडावर पेन्सिलीच्या बारीक बारीक रेघा होत्या, खड्डा न् खड्डा भरलेला. "ही माझी मेहनत हाय," चाचा म्हणाले. "पन माझा नियम मी मोडला. रिटच करताना, म्हंजी असं भरताना, एक खूण सोडायची असती. तीळ, वण, वाकडा दात, काय असंल ते. माणूस घरात आला की फोटोतली तीच खूण आधी दिसावी, मग बाकीचं लोक चालवून घेतात. तुज्या वडिलांनी हात जोडले. एक बी ठेवू नका म्हणाले. मी ऐकलं. गुन्हा माजा हाय."

मी रडले नाही. निगेटिव्हकडं बघत बसले. मग विचारलं, "हे कसं करत्यात?"

चाचांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि त्यांना हात हवे होते. अण्णांना विचारलं तर म्हणाले, "जा. इथं बसून तरी काय." असं माझं काम सुरू झालं. निगेटिव्हवर राळ आणि टर्पेंटाइनचं पातळ औषध चोळायचं, म्हणजे पेन्सिल धरते. पेन्सिलीचं शिसं बोटभर उघडं करायचं आणि पॉलिश पेपरवर घासून सुईसारखं करायचं. मग खड्ड्यात हळूहळू भरायचं, ठिपके, स्वल्पविरामासारख्या रेघा, दाबायचं अजिबात नाही. जिथं उजेड जास्त चमकतो तिथं ब्लेडच्या टोकानं खरवडायचं. एका तोंडाला दोन-तीन तास लागत. पडद्यामागं बसून मी तालुक्यातल्या निम्म्या पोरींची तोंडं भरली आणि प्रत्येकीची एक खूण सोडली. वाटलं होतं त्यापेक्षा काम मला आवडलं. लोक आत येऊन पुढं बसत, मला कुणी बघत नसे, आणि मी मात्र त्यांना त्यांच्या आईपेक्षा जवळून बघत असे. आजच्या फोनला कुणाचा राग नसतो, म्हणून तो सगळ्यांना सारखंच गोरं करतो. पडद्यामागं माणूस बसलेला असला की तसं नसतं.

आणि गिऱ्हाईक वाढत होतं. कुठून कुठून लोक येत आणि पहिला प्रश्न विचारत, "फुटाणेवाल्याच्या पोरीचा फोटो केला तो स्टुडिओ हाच का?" त्या बाईनं गावोगाव माझी बदनामी केली आणि बघणारी प्रत्येक आई मनात म्हणाली, असला फोटो आपल्या पोरीचाही पाहिजे. चाचा कपाळाला हात लावायचे. मी पेन्सिलीला टोक काढायचे.

तिसऱ्या वर्षी ती स्वतः आली.

घाटनांदूरशेजारच्या एका खेड्यात तिचं माहेर होतं. तिथूनच आली. मी पडद्यामागं होते. आवाज ऐकला आणि हातातली पेन्सिल मोडली. "चाचा, ही माजी सुमन," ती म्हणत होती. "स्थळं बगायला लागलोत. लहानपनी अंगावर आधन सांडलं, तेवढं एक हाय बगा. त्या फुटाणेवाल्याच्या पोरीला केलं व्हतं ना तुमी? तस्सं करा. काय म्हनून दिसू देऊ नका."

तिला लाज वाटली नाही. मी पडद्याच्या फटीतून बघितलं. सुमन सतरा-अठराची, उंच, सावळी. डाव्या कानापासून हनुवटीखाली गळ्यापर्यंत भाजल्याचा डाग, सुरकुतलेला, चकाकणारा. ती सारखी पदर तिकडं ओढत होती. चाचा म्हणाले, "थोडा ठेवतो, बाई. चांगलं असतं." बाई कडाडली, "ठेवायला आले का मी इथवर? एक खूण न्हाई पाहिजे."

फोटो काढून त्या दोघी गेल्यावर चाचांनी निगेटिव्ह माझ्यापुढं ठेवली. "गळ्यावरचा ठेव, बेटा. गालाचा हलका कर." मी "हौ" म्हणाले. आणि ठेवला नाही. नेहमी दोन-तीन तास लागत, सुमनच्या तोंडाला मी चार दिवस घालवले. आधी डाग भरला, मग गळा भरला, मग नाकाची कड बारीक केली, ओठाचा कोपरा उचलला, डोळ्यांत एकेक उजेडाचा ठिपका ठेवला. माझ्या हातून इतकं चांगलं काम आधी झालं नव्हतं, नंतरही झालं नाही. सुमनचा काय दोष, असं वाचणारा म्हणेल. काही दोष नव्हता. माझा कुठं होता?

चाचांना तोवर नीट दिसत नव्हतं. त्यांनी सहा प्रती धुऊन दिल्या. बाई फोटो बघून इतकी खूश झाली की पेढे ठेवून गेली. मी दोन खाल्ले.

मग मी वाट बघितली. मामाला मी खोदून खोदून विचारायचे आणि तो बिचारा सांगायचा. पहिले पाहुणे आले, मुलीचा पदर सरकला, चहा न घेता उठले. दुसऱ्या ठिकाणी मुलाच्या आजीनं फोटो सुमनच्या मांडीवर फेकला. तिसऱ्या ठिकाणी कुणीतरी म्हणालं, दुसऱ्याच्या पोरीचा फोटो घेऊन गावभर हिंडणारी बाई ती हीच ना? त्या दिवशी घरी वांग्याची भाजी होती. मी तीन भाकरी खाल्ल्या. माय बघत राहिली.

ती बाई बाजारच्या दिवशी आली. सुमन मागं होती. स्टुडिओच्या पायरीवरूनच तिनं ओरडायला सुरुवात केली, "ओ फोटोवाले! फसवलं तुमी! माज्या पोरीचं वाटोळं केलं!" रस्त्यावर माणूस मावत नव्हता. भाजी घेणारे, बैल सोडून आलेले, सगळे थांबले. चाचा उठायच्या आत मी पडदा बाजूला केला आणि बाहेर आले. उजेडात.

तिनं मला ओळखायला वेळ घेतला. मग तिची नजर माझ्या गालावर थांबली. "तू?"

"मीच. तुमच्या सुमनचा फोटो मी केला. तुमी म्हनलात तस्साच केला. एक खूण ठेवली न्हाई."

"मुद्दाम केलंस गं तू?"

"मुद्दाम. माजे दोन फोटो आदी द्या. मग बोलू."

ती खरोखर गोंधळली. "कुटले फोटो?"

"जे पिशवीत घालून तीन वर्षं हिंडलात."

"आगं, त्ये…" तिनं हात हवेत फिरवला. "कुनाकडं ऱ्हायले काय म्हाईत. कोन ध्यानात ठेवतंय."

इथपर्यंत माझा राग थोडा उतरलेला होता, हे कबूल करते. सुमन दारात उभी होती आणि तिचे डोळे सुजलेले होते. पण हे ऐकलं आणि मी पुन्हा थंड झाले. माझी तीन वर्षं, रत्नाची तीन वर्षं, अण्णांची मान, आणि हिला आठवतही नव्हतं.

चाचा मागून म्हणाले, "जाने दे, बेटा. दुसरा फोटो करून दे तिला."

"देते," मी म्हणाले. "यांनी सांगावं कसा पाहिजे. मागच्या टायमाला सांगितलं, तसंच आता बी सांगावं."

बाई खाली बघून पुटपुटली, "ठेवा थोडं."

"काय ठेवू?"

"डाग."

"ऐकू येत न्हाई. भट्टीवर वाढलेली हाय मी, मोठ्यानं बोला."

एक म्हातारी मेथीची जुडी धरून पुढं सरकली. बाईनं एकदा सुमनकडं बघितलं, एकदा लोकांकडं. मग ओरडली, "माज्या पोरीचा डाग ठेवा! दिसू द्या!"

रस्त्यावर कुणीतरी हसलं. बाईची मान खाली गेली. अण्णांची गेली होती तशीच, तेवढीच. मी ती नीट बघून घेतली. तिच्या मागं सुमननं पदर तोंडावर ओढला होता, तेही मला दिसलं.

चाचांनी सुमनला स्टुलावर बसवलं. ते माझ्याशी बोलत नव्हते. मी तिचा पदर मागं सारला, हनुवटी डावीकडं वळवली आणि डाग उजेडात घेतला. त्या निगेटिव्हला मी जवळजवळ हात लावला नाही. त्याच फोटोवर सुमनचं वर्षाच्या आत जमलं. मला फोटो लागलाच नाही. माझ्या नवऱ्यानं मला चाळणीवर बसलेली बघितली होती, फुटाणे घ्यायला आला तेव्हा. आमचं लग्न झालं आणि दोन महिन्यांनी रत्नाचंही झालं. पण त्या दिवसाचं अजून थोडं राहिलं आहे.

आई पायरी उतरून गेली तरी सुमन मागं रेंगाळली. जुने सहाही फोटो बाईनं तिथंच फाडून टाकले होते, आणि सुमन त्या तुकड्यांकडं बघत होती. "ताई," ती हळूच म्हणाली, "ह्यातला एखादा उरला हाय का तुमच्याकडं?"

"कशाला?"

"मला ठेवायला. कुनाला दाखवनार न्हाई."

एक उरला होता. चाचांनी नमुना म्हणून सातवी प्रत काढली होती, ती माझ्या खणात होती. माझा फोटो आष्टीचे पाहुणे येईपर्यंत महिनाभर आमच्या कोनाड्यात होता. त्या महिन्यात मी तो रोज बघितला होता आणि घरातला आरसा उलटा करून ठेवला होता. पदरानं गाल घासला तो एकदाच. त्या कागदानं तो रोज घासला असता, बाईनं नेला नसता तर. म्हणून सुमनला मी काय देत आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी खण उघडला, फोटो बटरपेपरमध्ये गुंडाळला आणि तिच्या हातात ठेवला. ती वाकून माझ्या पाया पडली आणि फोटो पोलक्यात घालून पळाली.

चाचा खिडकीतून बघत होते. दिवसभरात पहिल्यांदा ते माझ्याशी बोलले. "शेवटी दया आली ना, बेटा?"

मी "हौ चाचा" म्हणाले. त्यांना तेवढं पुरलं.